हारायची जागा

"ठीक हाय. आता हारायची जागा दाखव."

पक्षकार ओसरीवर येऊन बसला, पाणी प्याला, आपली बाजू किती लख्ख आहे ते सांगून दमला, की वकीलसाहेब डोक्यावरची लाल टोपी काढून टेबलावर उलटी ठेवत आणि हे वाक्य म्हणत. टोपी उलटी झाली की समजायचं, आता खरी बोलणी सुरू.

पक्षकार गोंधळून जाई. "हारायची? साहेब, मी तं जिंकाले आलो तुमच्याकडं."

"जिंकायची जागा तुनं दाखोली. माहं काम तिथं नाही. समोरचा वकील जिथं सुरुंग लावनार हाय ना, ते जागा दाखव."

काही जण रागावून उठत आणि दुसऱ्या वकिलाकडे जात. तिथे त्यांना चहा मिळे आणि विजयाची खात्री मिळे. आमच्या वकीलसाहेबांकडे चहा मिळे, खात्री नाही. तरी मानोऱ्यापासून, मंगरुळापासून लोक बैलगाड्या जुंपून त्यांच्याकडेच येत, कारण त्यांनी लिहिलेल्या दाव्यात बोट घालायला फट सापडत नसे. कोर्टात उभे राहून बोलायची त्यांना तेवढी हौस नव्हती. दावा लिहिण्यात मात्र त्यांचा जीव होता.

त्यांचं नाव मी सांगत नाही. वाशीममध्ये ते नाव कोणी घेतही नसे. त्यांची बायको, आमची चाची, तीसुद्धा पडद्याआडून "वकीलसाहेब, जेवन थंडं होऊन राह्यलं" अशीच हाक मारी. आमचं घर आणि त्यांचं घर भिंतीला भिंत लागून, त्यामुळे लहानपणापासून मी त्यांच्या उलटतपासण्या फुकट ऐकत मोठी झाले. उलटतपासणी त्यांना कोर्टातच लागे असं नाही. भाजीवाली दारात येऊन "आजची वांगी हायेत" म्हणाली की हे विचारत, "तोडतानी तू होती का तिथं?"

"नाई बाप्पा, माहा नवरा होता."

"मंग तुले काय मालूम? नवऱ्याले आन."

शेवटी चाची पडद्याबाहेर हात काढून टोपलीतली वांगी उचलून घेई आणि मुकदमा तिथेच निकाली निघे.

आता थोडं माझं सांगते, कारण त्याशिवाय त्यांचं पुढचं सांगता येत नाही. ही खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नागपूरला मावशीकडे राहून बी. ए. झाले होते आणि वाशीमला परत येऊन मुलींच्या शाळेत शिकवत होते. शिकवणं मला आवडायचं. पण डोक्यात एक किडा होता. मला संशोधन करायचं होतं. बायकांनी नोकरी करणं हेच जिथे लोकांना अजून पचत नव्हतं, तिथे "मला शोध घ्यायचाय" म्हटलं की लोक विचारत, काय हरवलंय?

नागपूरला तेव्हा एक समिती होती. ती दर वर्षी संशोधनासाठी एका पदवीधराला शिष्यवृत्ती देई. त्यासाठी आपण काय शोधणार आणि कसं शोधणार याचा प्रस्ताव लिहून पाठवायचा. मी दोनदा पाठवला होता आणि दोन्ही वेळा एका ओळीचं उत्तर आलं होतं: विषय मोघम आहे. पदवी मिळाल्यापासून तीन वर्षांच्या आत अर्ज करायचा असा त्यांचा नियम, म्हणजे हा माझा शेवटचा. या वेळी नाही म्हणाले असते तर मी जन्मभर भूगोलाच्या तासाला भिंतीवरच्या नकाशावर छडी फिरवत बसले असते. छडी फिरवण्यात वाईट काही नाही, पण मला त्या नकाशात शिरायचं होतं.

माझे वडील जिनिंगमध्ये कारकून. ते शांतपणे म्हणाले, "तीच समिती, तोच विषय, तूही तीच. उत्तर वेगळं कसं येईल? वकीलसाहेबांना दाखव तरी."

वकिलाला संशोधनातलं काय कळतं, असं म्हणत मी गेले. वकीलसाहेबांनी माझे कागद चष्मा वर-खाली करत वाचले. वर मी मोठ्या अक्षरांत नाव दिलं होतं, वऱ्हाडातील व्यापाराचा प्राचीन काळापासून आजपर्यंतचा इतिहास. टोपी डोक्यावरच होती, हे माझ्या लक्षात आलं होतं.

"बेटी, हा दावा कोनावर हाय?"

"दावा नाही. संशोधनाचा प्रस्ताव आहे."

"तेच ते. तू काही म्हनून राह्यली, अन् समोरच्यानं ते मानावं असं तुले वाटते. यालेच दावा म्हंतात. तं कोनावर? अख्ख्या वऱ्हाडावर? समन्स कोनाले काढू मी?"

मुन्शीजी, म्हणजे त्यांचे म्हातारे कारकून, कोपऱ्यात टंकयंत्राला तेल घालत होते. ते हसले. माझे कान तापले.

"अन् यात तू म्हनते काय? का वऱ्हाडात व्यापार होता. बरं. कोन नाही म्हनते?"

"कोणीच नाही," मी म्हटलं.

"ज्याले कोनी नाही म्हनत नाही, त्याचा मुकदमा उभाच राहत नाही, बेटी. आपसात कबूल हाय ते सारं. घरी जा."

मी कागद ओढून घेतले आणि फाटक आपटून निघून आले. मी तेव्हा फार रागीट होते. आताही आहे, पण आता गुडघे दुखतात म्हणून पाय आपटत नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी परत गेले, कारण मी नेमकं काय म्हणते आहे या प्रश्नाला दिवसभर शोधूनही माझ्याकडे उत्तर नव्हतं. वकीलसाहेबांनी आदल्या दिवसाचा विषयही काढला नाही. "बस," म्हणाले, "हा मुकदमा ऐक, मंग तुहा पाहू."

समोर डोक्याला फडकं बांधलेला एक म्हातारा शेतकरी बसला होता. त्याचं गाव नदीच्या अल्याड. तिथे गुरुवारचा बाजार जुन्या काळापासून भरायचा. पल्याडच्या गावच्या पाटलाने नवा बाजार सुरू केला, आणि तोही नेमका गुरुवारी. मग अल्याडच्यांनी विकणाऱ्यांच्या गाड्या नदीच्या पात्रात अडवल्या, दगडफेकीत म्हाताऱ्याचं डोकं फुटलं, आणि तो आता त्या नव्या बाजाराला मनाई मागायला आला होता. टोपी उलटी झाली, नेहमीचं वाक्य झालं आणि म्हातारा नेहमीसारखा गोंधळला.

मी मधेच बोलले. पक्षकाराशी बोलायचा मला काय अधिकार, पण राहवलं नाही. "बाबा, आठवड्यात बाकीचे वार मोकळेच होते की. त्यांनी बुधवार का नाही घेतला?"

म्हातारा माझ्याकडे असा बघायला लागला की मी शाळेत शिकवते हे त्याला खरं वाटलं नसतं. "बुधवारी कसा घेईन? बुधवारी कापडवाला तिकडं आसेगावच्या अंगाले असते. बांगडीवालाही तिकडंच. बुधवारी बाजार भरोला तं विकाले काय पाटील बसते का?"

तुम्ही कधी बंद खोलीची खिडकी उघडल्यावर वारा आत येताना पाहिला असेल. मला तसं झालं. आपण जन्मभर बाजाराला जातो. या गावचा सोमवार, त्या गावचा शुक्रवार, हे आपल्याला आपल्या नावासारखं पाठ असतं. पण हे वार लावले कोणी? शेजारच्या दोन गावांचे वार एकमेकांवर येत नाहीत, हे कोणी बघितलं? मी हे सगळं मोठ्याने आणि भरभरून बोलले. त्या जखमी म्हाताऱ्याचं डोकं बाजूला राहिलं.

वकीलसाहेब उठून उभे राहिले, परत बसले. मग त्यांनी डोक्यावर परत घातलेली टोपी काढली आणि माझ्यासमोर उलटी ठेवली. माझ्यासाठी पहिल्यांदाच.

"आता तुहा मुकदमा हाय," ते म्हणाले.

पुढचे दिवस मला अजून आठवले तरी बसवत नाही. शाळा सुटली की मी धावत त्यांच्या ओसरीवर. पहिलं काम, प्रश्न एका वाक्यात मांडणं. हे वाक्य पंडितांसाठी नव्हे, मुन्शीजींसाठी. मुन्शीजी डोळे मिटून ऐकत. कळलं तर "हां" म्हणत, नाही कळलं तर "फिरून सांगा बाई." मी किती वेळा फिरून सांगितलं देव जाणे. शेवटी वाक्य असं झालं: वाशीम-मंगरूळ भागात आठवडी बाजार ज्या त्या वारी भरतात, तो वार विकणाऱ्यांच्या गाड्यांच्या फेरीने ठरवला, पाटलांनी ठरवला, की देवाच्या वारावरून ठरला?

"हां," मुन्शीजींनी डोळे उघडले. "मंग, कोनं ठरोला?"

वकीलसाहेबांनी मांडीवर थाप मारली. "झालं. मुन्शीजीले पुढचं ऐकाचं हाय. समितीलेही ऐकाचं राहीन."

मग ते म्हणाले, आधीचे निकाल पाहू. म्हणजे हा प्रश्न यापूर्वी कोणी विचारला आहे का. तहसील कचेरीत सरकारने छापलेली जिल्ह्याची जाडजूड पुस्तकं होती. तहसीलदाराला गाठून त्यांनी ती बघायची परवानगी मिळवली, आणि आम्ही दोघं कचेरीच्या व्हरांड्यात बाकावर बसून पानं उलटत राहिलो. गावांची नावं होती, बाजाराचे वार होते, सगळं ओळीने होतं. तोच वार का, हे कुठेही नव्हतं. शेवटचं पान उलटून वकीलसाहेब माझ्याकडे वळले आणि चोरी करायला निघाल्यासारखे हळू आवाजात म्हणाले, "बेटी, कोनी इचारलंच नाही." दोघांनाही हसू आवरेना. कचेरीतला शिपाई आम्हाला गप्प बसवायला आला.

खरं तर अजून नुसता प्रस्तावच लिहायचा होता. पण एक-दोन गवाह हातात असल्याशिवाय दावा दाखल करायचा नाही, ही त्यांची रीत. म्हणून मी सुटीच्या दिवशी मामांकडे आसेगावला जाऊन कापडवाल्याच्या पालाशेजारी ठाण मांडलं. तो कुठून येतो, उद्या कुठे जाणार, बैल दिवसाला किती चालतात, सगळं विचारलं. रामनवमीच्या जत्रेला पोहरादेवीला गेले. तिथे एका म्हाताऱ्या बंजाऱ्याने सांगितलं की त्याचा बाप बैलांच्या पाठीवर मीठ लादून आणायचा, आणि जिथे बैल मुक्कामाला थांबत तिथेच दुसऱ्या दिवशी लोक मीठ घ्यायला जमत. मी ते ऐकून इतकी नाचले की त्याची नात मला लाडू देऊन शांत करायला लागली.

एकदा तर वकीलसाहेब स्वतः माझ्या वडिलांना आणि मला घेऊन जऊळक्याला निघाले. स्टेशनावर हमालांना विचारायचं होतं. पण दम कुठला. रेल्वेच्या डब्यात बसल्या बसल्या समोरच्या एका बांगडीवाल्याची त्यांनी तपासणी सुरू केली. कुठून आलास, कोणत्या बाजाराला चाललास, कालच्या दिवशी कुठे होतास. बांगडीवाल्याला वाटलं, साध्या वेशातला पोलिस आहे. पुढचं स्टेशन येताच तो पेटारे उचलून दुसऱ्या डब्यात पळाला. वकीलसाहेब खिडकीतून ओरडले, "अरे, तू आमचा गवाह होय." तो अजूनच जोरात पळाला.

माझा दावा आता तयार होता. वार ठरवले ते गाड्यांच्या फेरीने. विकणारा एका दिवसात बैलगाडीने जिथवर पोचेल, तिथे दुसऱ्या दिवशीचा बाजार. मी खूश होते. पानंच्या पानं लिहून टाकली होती.

मग एका रविवारी दुपारी त्यांनी ओसरीचं कोर्ट केलं. मुन्शीजी न्यायाधीश. मी साक्षीच्या पिंजऱ्यात, म्हणजे दाराच्या चौकटीत. माझे वडील बाकावर, पडद्याआड चाची. वकीलसाहेब विरुद्ध बाजूचे. शेरवानीची बटणं गळ्यापर्यंत लावून उभे राहिले, आणि खरं सांगते, मला भीती वाटली.

"देवीचा वार मंगळवार. देवीच्या गावी बाजार मंगळवारी. मंग देवीनंच ठरोला ना?"

"शेजारच्या गावीही देवीच आहे. तिथे बाजार शनिवारी भरतो."

"कबूल. मंग पाटलानं ठरोला."

"पाटलाने दवंडी दिली तरी विकणारा आला पाहिजे."

"अन् पाटलानं दवंडी नाही देली, तं विकनारा कोनाच्या जागेवर बसन? मंग दोन्ही खरं. कापडवाला आला म्हनून वार ठरला, का वार ठरला म्हनून कापडवाला आला? अलग कसं करशीन?"

मी हातातली टिपणं चाळायला लागले.

"समज, तुले सारी गावं फिरू देली. काय सापडलं तं तू म्हनशीन का माहं चुकलं?"

मी विचार केला. खूप केला. माझ्या दाव्यात तसं काहीच नव्हतं. काहीही सापडलं तरी मी म्हटलं असतं, बघा, माझंच खरं.

वकीलसाहेबांचा आवाज मऊ झाला. "तुहा दावा मले आवडला, बेटी. पन हा कोनालेच पाडता येत नाही. असा दावा कमजोर असते. जो मानूस कधी हारतच नाही, त्याच्यावर कोर्ट भरोसा कसा ठेवन?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सगळं होतं, नेमकं हेच नव्हतं, आणि कागद पाठवायची मुदत डोक्यावर आलेली. पडद्याआडून चाची म्हणाली, "पोरीले पानी तं पिऊ द्या, वकीलसाहेब. कोर्टातही पिऊ देतात." तिने पेला बाहेर सरकवला. मी पाणी पीत उभी राहिले, आणि मनात सारखा तो पळालेला बांगडीवाला येत होता. बिचारा पेटारे सांभाळत डब्यातून उतरला होता.

डब्यातून.

"तो बैलगाडीने जातच नव्हता," मी म्हटलं.

"कोन?"

"बांगडीवाला. तो आता रेल्वेने बाजार करतो. रुळाच्या कडेच्या गावांना बैलगाडीची फेरी उरलेलीच नाही. रेल्वे येऊन इतकी वर्षं झाली. वार जर फेरीनेच बांधला असेल, तर फेरी सुटल्यावर तो वारही सुटायला हवा. रुळाजवळच्या गावांचे वार बदललेले असले पाहिजेत, आणि दूरच्या गावांचे नसले पाहिजेत. आणि रुळाजवळचे बदललेच नसतील, तर," मी पेला खाली ठेवला, "तर माझा दावा खोटा."

मुन्शीजी न्यायाधीश असल्याचं विसरून उभे राहिले होते. वकीलसाहेब सरळ पडद्याआड गेले आणि आतून त्यांचा आवाज आला, "ऐकलं का? पोरीनं आपली कबर सोताच्या हातानं मोजून देली." चाची त्यांना रागे भरली, असं अभद्र बोलू नका म्हणून. पण त्यांचा आनंद इतका होता की ते तिथेच फेऱ्या मारत राहिले. मी माझ्या आयुष्यात अनेकदा शाबासकी मिळवली. असा आनंद कोणाच्या चेहऱ्यावर माझ्यामुळे क्वचित पाहिला.

मग शेवटचं कलम लिहिलं गेलं. त्याला आम्ही नाव दिलं, अर्जदाराचा दावा कोणत्या परिस्थितीत रद्द समजावा. मुन्शीजींनी सगळं इंग्रजीत टंकून काढलं आणि स्वतःच टपालात टाकलं. मला वाचून बघायलाही सवड उरली नाही, शाळेच्या परीक्षा सुरू झाल्या होत्या.

नागपूरहून मुलाखतीचं बोलावणं आलं. लांबलचक टेबलामागे समितीची मंडळी बसली होती. अध्यक्षांनी माझा प्रस्ताव दोन बोटांत धरून वर उचलला. "बाई, कोर्टात द्यायचा अर्ज चुकून आमच्याकडे आला काय?"

मी बघितलं आणि मला घाम फुटला. मुन्शीजींनी आयुष्यभराच्या सवयीने प्रस्तावाचा दावाच करून टाकला होता. कलमांना आकडे. वर, अर्जदार राहणार वाशीम. मधे, दाव्याचे कारण वाशीम मुक्कामी घडले. खाली, सबब प्रार्थना की शिष्यवृत्तीचा हुकूम व्हावा, आणि वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे. आणि या सगळ्याच्या डोक्यावर कोर्ट-फीचं तिकीट, नीट ओल्या बोटाने दाबून चिकटवलेलं. नंतर मी त्यांना विचारलं तर म्हणाले, "बिना तिकिटाचा अर्ज मीनं जिंदगीत पाठोला नाही, बाई."

मंडळी हसत होती. मीही हसले, दुसरं करणार काय. टोकाला बसलेले एक किडकिडीत प्राध्यापक तेवढे हसत नव्हते. त्यांनी कागद आपल्याकडे ओढला, शेवटचं पान काढलं आणि ते कलम वाचलं. मग परत वाचलं.

"हे कलम कोणी सुचवलं?"

"आमच्या शेजारच्या वकीलसाहेबांनी."

"ते तुमच्या बाजूचे की विरुद्ध बाजूचे?"

"दोन्ही," मी म्हटलं.

त्यांनी कागद खाली ठेवला. "इथे येणारा प्रत्येक जण आम्हाला सांगतो की त्याचं बरोबर कसं निघेल. तुम्ही कुठे चुकू शकता हे आधीच मांडून दाखवलंय. काम कधी सुरू कराल?"

वाशीमच्या स्टेशनवर उतरले तर वकीलसाहेब रणरणत्या उन्हात शेरवानी घालून उभे. शिष्यवृत्ती मिळेल का, हे त्यांनी विचारलंच नाही. "काय इचारलं? तू काय म्हनली? मंग ते काय म्हनले?" घर येईपर्यंत हेच. किडकिडीत प्राध्यापकांचा प्रश्न तर त्यांनी माझ्याकडून रस्त्यात थांबून पुन्हा वदवून घेतला. निवडीचं पत्र पुढे आलं तेव्हा वडिलांनी गल्लीभर पेढे वाटले. वकीलसाहेब मात्र पत्र उलटसुलट करून त्यात कुठे पळवाट ठेवलीय का, ते शोधत बसले.

त्या गुरुवारच्या बाजाराचा खटला ते हरले. बाजार नेमका केव्हापासून भरतो हे कोणालाच सिद्ध करता येईना. म्हाताऱ्याला त्यांनी पहिल्याच दिवशी बोट ठेवून दाखवलेली हीच जागा होती, आणि म्हाताऱ्याने तेव्हा मान डोलावून कबूल केलं होतं.

पुढच्या पावसाळ्यात वकीलसाहेब गेले. साधा ताप म्हणता म्हणता गेले. मी नागपूरला होते. येऊन चाचीजवळ बसले आणि परत गेले. काम अर्धवट होतं.

उन्हाळ्यात मी रुळाच्या कडेची गावं धरली. एकेका गावात म्हातारी माणसं गाठायची, रेल्वेच्या आधी बाजार कोणत्या वारी होता, आता कोणत्या वारी आहे, हे वेगवेगळ्या तोंडून विचारून पक्कं करायचं. पहिल्या गावी वार बदलला नव्हता. म्हटलं, एखादं असतं. पुढच्याही गावी नव्हता. शेवटी जऊळक्याला स्टेशनाच्या बाकावर बसून मी सगळी टिपणं मांडीवर पसरली. रुळाजवळच्या एकाही गावाचा वार हललेला नव्हता. विकणारे रेल्वेने येत होते, गाड्यांची फेरी कधीच मोडली होती, आणि वार जागचा ढळला नव्हता. माझा दावा साफ पडला होता.

मला रडू यायला हवं होतं. पण मी इतकी उत्साहात होते की बाकावर बसवेना. म्हणजे वाराला धरून ठेवणारं दुसरंच काहीतरी होतं, आणि ते मला आता शोधायचं होतं. हे कोणाला तरी आत्ताच्या आत्ता सांगायला हवं होतं. वडील "अरेरे" म्हणाले असते. नागपूरचे लोक "लिहून द्या" म्हणाले असते. हे ऐकून मांडीवर थाप मारणारा माणूस एकच होता, आणि तो नव्हता. हे त्या दिवशी जितकं लागलं तितकं पावसाळ्यातही लागलं नव्हतं.

मी गाडीने वाशीमला उतरले आणि आमचं दार ओलांडून तशीच पुढे गेले.

चाची ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. माझ्या पायांवरची धूळ बघून तिने सूप बाजूला ठेवलं.

"जऊळक्याहून आली?"

"हो."

"काय निघालं मंग?"

"माझा दावा पडला, चाची."

"पुरा?"

"पुरा. काही उरलं नाही."

तिने पदराने तोंड झाकलं. मला वाटलं रडते आहे. खांदे हलत होते. मग पदर खाली आला आणि मी पाहिलं, ती हसत होती, आणि डोळे भरून वाहत होते.

"आज जुम्मेरात हाय, गुरुवार," ती म्हणाली. "संध्याकाळी फातेहा देऊ, दुआ मागू वकीलसाहेबायच्या नावानं. तवा सांगीन मी त्यायले." तिने मला हाताला धरून जवळ बसवलं. "पन मले नीट सांग. पहिल्या गावापासून, एकही सोडू नको. ते मंधात काही इचारतीन, तं मले जबाब देता आला पाहिजे."

मी पिशवीतून टिपणं काढली आणि पहिल्या गावापासून सुरुवात केली.